आमचा की आपला

आमच्या आप्पांच्या तोंडून 'आपला देश' हे शब्द मी लहानपणी कधी ऐकले नाहीत. त्यांचा शब्द होता 'ह्यांचा देश'. आम्ही बौद्ध. आप्पा साताऱ्याकडच्या एका गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतून पोटासाठी डोंबिवलीला आलेले, आणि गावाबद्दल त्यांनी जे काही सांगितलं ते सगळं पेपर वाचता वाचता सांगितलं. रात्रपाळीवरून आले की वाफाळता चहा घेऊन ते खिडकीत बसायचे आणि पहिलं पान सोडून थेट आत शिरायचे. कुठल्या गावात कुणाला विहिरीवरून हाकललं, कुणाची वरात अडवली, अशी कोपऱ्यातली बारीक बातमी त्यांना बरोबर सापडायची. ती वाचायची, चहाचा शेवटचा घोट घ्यायचा, पेपराची काटेकोर घडी घालायची आणि आईला सांगायचं, "बघ, ह्यांच्या देशात काय चाललंय." मी शाळेतून आले की विचारायचे, "म्हटलीस का प्रतिज्ञा?" मी हो म्हणायचे. "मग देशानं काय उत्तर दिलं?" हा त्यांचा रोजचा विनोद होता आणि मी रोज हसायचे.

'ह्यांचा' म्हणताना आप्पांची मान भिंतीकडे वळायची. आमच्या दोन खोल्या आणि परबांच्या दोन खोल्या यांच्या मधली ती भिंत. खाली अर्ध्या विटेचं बांधकाम, वर पत्र्यापर्यंत नुसत्या फळ्या. पलीकडे फोडणीला काय पडलंय ते इकडे कळायचं आणि इकडचं भांडण पलीकडे. तरी आप्पांनी आवाज कधी खाली आणला नाही. चाळ मानपाड्याच्या रस्त्याला, कंपन्यांच्या अलीकडे. आप्पा कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मशीनवर होते. त्यांच्या हातांचा रंग ठरलेला नसे. कधी नखांच्या कडा निळ्या, कधी तळवे झेंडूसारखे पिवळे. आई अभ्रे कितीही घासू दे, उशीवर आप्पांच्या डोक्याची जागा गुलाबीसर उमटलेली असायची. कंपनीच्या मागून निघून आमच्या चाळीच्या कडेनं जाणारा नालाही तसाच. आम्ही मुली गॅलरीतून वाकून बघायचो आणि सांगायचो, आज जांभळा लागलाय, आज मोरपंखी. वासाचं सांगत नाही. पाहुणे नाकाला पदर लावायचे, पण सुटीच्या दिवशी तो वास कमी झाला की आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. भोंगा, पलीकडची देवघरातली घंटी, आईच्या भाकरी थापण्याचा थपथप आवाज आणि गॅलरीतल्या पिंपात पडणारी पाण्याची धार, एवढ्यावर आमचा दिवस चालायचा. आता मी कल्याणला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहते. शेजारी काय शिजतंय ते इथे कळत नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्या फळ्यांची मला आठवण येते.

परबकाका मूळचे मालवणकडचे. ठाण्याला एका कचेरीत कारकून. रोज इस्त्रीचा बुशशर्ट घालून जायचे आणि कचेरीतली भाषा डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. सगळ्या चाळीत 'अरे-तुरे' नाहीतर 'तुम्ही' चालायचं, काका मात्र मोठ्या माणसांना 'आपण' म्हणायचे. "आपण कधी आलात?" "आपली तब्येत काय म्हणते?" दूधवाल्या भय्यालासुद्धा त्यांनी एकदा सांगितलं होतं, "आपलं दूध हल्ली फार पातळ असतं." भय्या गोंधळून म्हणाला, "हमारा है साब, आपका कैसे?" त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही मुली एकमेकींना 'आपलं दूध, आपलं दूध' करून हसत होतो. काकांची ही सवय वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

परबांशी आमचं वाकडं नव्हतं. मला काविळीनं घेरलं तेव्हा काका मला उचलून दवाखान्यात घेऊन गेले होते. शाळेचे फॉर्म काकाच भरायचे. काकूंची आणि आईची दुपारची गप्पांची बैठक गॅलरीत ठरलेली, मधे तांदळाचं सूप. दिवाळीत त्यांच्याकडून करंज्या यायच्या आणि आम्ही त्या मोजून वाटून खायचो. फक्त आमच्या घरचं काही त्यांच्या घरात जायचं नाही. पाणीसुद्धा नाही. याबद्दल कुणी कधी एक अक्षर बोललेलं नव्हतं. काकू आमच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि तहान लागली की उठून घरी जाऊन पाणी पिऊन परत यायच्या, इतकं ते सरळ होतं.

तरी दर बुद्धपौर्णिमेला आई त्यांना खीर पाठवायची. तांदळाची, दूध आटवून केलेली, वर वेलची. बुद्धांना खीर देणाऱ्या सुजाताचं नाव मला ठेवलेलं, म्हणून चाळीत खीर पोचवायचं काम माझं. काकू हसून घ्यायच्या, "कित्याक गो एवढो त्रास तुझ्या आयेक?" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी वाटी घासून पुसून परत, आत चिमूटभर साखर, कारण रिकामं भांडं परत करू नये. आणि त्याच सकाळी परबांच्या मागच्या दारी भुरी मांजर मिशा चाटत उन्हाला पसरलेली. आई म्हणायची, "धम्म फक्त भुरीला कळला बघ." आधी हसायची, मग तवा जोरजोरात घासायला घ्यायची. मी एकदा विचारलं, मग पाठवतेस कशाला? म्हणाली, "आपण द्यायचं. घेणं त्यांच्याकडं."

मी दहावीला जाणार होते त्या वर्षी कंपनीत परदेशातून नवीन मशीन आलं आणि ते बसवायला डेन्मार्कचा एक माणूस आला. नाव येन्सन. कामगारांनी त्याचा वेसनसाहेब केला, आणि आमच्या चाळीपर्यंत येताना तो बेसनसाहेब झाला. केसही साधारण त्याच रंगाचे होते, असं आप्पा म्हणायचे. आप्पांना त्याच्या हाताखाली दिलेलं. दोघांनी मिळून आपली एक इंग्रजी तयार केली, निम्मी बोलून आणि निम्मी पान्ह्यानं दाखवून. पहिल्याच आठवड्यात आप्पा घरी आले ते चपला न काढताच आईला म्हणाले, "आज त्यानं माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. विचारलंपण नाय. सरळ हात घातला, तुकडा मोडला नि खाल्ला." आईनं विचारलं, "मग?" आप्पा म्हणाले, "मग काय. सुकट तिखट लागली त्याला." एवढंच बोलले, पण त्या संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट आणखी दोनदा सांगितली.

या लाडक्या बेसनसाहेबाशी त्यांचं बिनसलं ते नाल्यावरून. साहेब मागच्या बाजूला गेला, लाल पाणी बघितलं आणि म्हणाला, माझ्या देशात ही कंपनी दुसऱ्या दिवशी बंद केली असती. आप्पा रोज सकाळ-संध्याकाळ त्या नाल्याला शिव्या घालणारे. पण साहेबाला म्हणाले, पावसाळ्यात एकदम साफ होतो, सर. घरी येऊन मात्र धुसफुसत होते. "येऊन महिना नाय झाला, नि आम्हाला शिकवतो. नाला आमचा आहे, आम्ही बघू काय करायचं ते." आई भाकरी उलटता उलटता थांबली. "असं होय? देश ह्यांचा नि नाला तेवढा आमचा?" आप्पांनाच हसू फुटलं.

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर कुणा गोऱ्या पोराचा व्हिडिओ दाखवला. आमच्याच स्टेशनबाहेर उभा राहून तो नाक दाबून कचरा दाखवत होता. घरच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. माझ्या मुलानं तर त्या पोराच्या सगळ्या खंडाचा इतिहास काढला. मी स्वतः गेली कित्येक वर्षं त्याच कचऱ्यासाठी वॉर्ड ऑफिसात भांडतेय, पण खरं सांगते, त्या पोराला चार शब्द सुनवायला माझाही अंगठा शिवशिवला. मग नाला आठवला आणि मी मोबाइल उलटा ठेवला.

मशीन चालू झालं, साहेब परत जायचा झाला, तेव्हा आप्पांनी त्याला रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं. ही बातमी ऐकून सगळी चाळ कामाला लागली. गॅलरी धुऊन निघाली. कुणी टेबलफॅन दिला, कुणी काचेचे ग्लास. मोडकं पिंप जिन्याखाली ढकललं गेलं. रविवारी नाल्याला कुठला रंग येणार यावर चर्चा झाली आणि हिरवा येतोय म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण हिरवा बघायला बरा. आंबिवलीची मावशी गावठी कोंबडी आणि मोठं पातेलं घेऊन आदल्या दिवशीच आली. परबांनी त्यांच्या घडीच्या दोन खुर्च्या पाठवल्या, ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून पेढ्यांचा बॉक्स आणला, आणि इंग्रजी त्यांनाच चांगलं येत असल्यानं दुभाष्या म्हणून ते स्वतःही यायचे ठरले. दारातच आईला म्हणाले, "वहिनी, माझं झालंय हं जेवण." आई म्हणाली, "असू दे." त्यांनी खुर्ची उंबऱ्याला लावून घेतली. दोन पाय आत, दोन पाय गॅलरीत.

साहेब मात्र खुर्ची नको म्हणाला आणि आप्पांशेजारी सतरंजीवर बसला. त्याच्या गुडघ्यांना मांडी माहीत नव्हती, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आईनं काळ्या मसाल्याचा रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकरी, भात, कांदा, आणि ठेचा मुद्दाम लपवून ठेवला होता. साहेबाचं नाक गळायला लागलं, कान लाल झाले, तरी तो रस्सा मागून घेत होता. गॅलरीत शेजारपाजारचे उभे. साहेबानं रस्त्यावरच्या खड्ड्यांचं काढलं, परबकाका म्हणाले, काम चालू आहे. तेवढ्यात लाइट गेली आणि पंखा थांबला, काका म्हणाले, असं क्वचितच होतं. मागे कुणीतरी खोकलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दाराशी उभी होते, आणि त्या दिवशी मला वाटत होतं की आमची चाळ जगातली सगळ्यात चांगली चाळ आहे.

मग साहेबाची नजर परबकाकांकडे गेली. सगळे जेवतायत आणि हे नुसतेच बसलेत. त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली आणि काकांनाच विचारलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला, त्यामुळे मला सगळं कळलं. मी असं वाचलंय, तो म्हणाला, की इथे जातीमुळे काही लोक यांच्यासारख्यांच्या घरी जेवत नाहीत. हे खरं आहे का? तुम्ही म्हणून जेवत नाही आहात का? त्याच्या आवाजात खोच नव्हती. मशीनच्या एखाद्या भागाबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं होतं. काकांनी साहेबाकडे बघितलं, मग आप्पांकडे. दुभाष्या म्हणून आलेले, तेव्हा मराठीत सांगणं भागच होतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ते विचारतायत, जेवण नेहमीच एवढं तिखट असतं का."

आईला इंग्रजी येत नव्हतं. ती खुशीत आतून म्हणाली, "सांगा त्याला, आज कमीच घातलंय."

पण 'कास्ट' हा शब्द कळायला आप्पांना शाळेची गरज नव्हती. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "परबसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "त्यानं तिखटाचं नाय विचारलं."

परबकाका मान खाली घालून आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांच्या सकाळी, इतके पेपर, ती विहीर, ती वेस, काकू उठून पाणी प्यायला जातात ते, आमची खीर आणि ती भुरी. जे इथल्या एकानं आम्हाला कधी विचारलं नाही ते सात समुद्रापलीकडचा माणूस आमच्या घरात बसून विचारतोय. आता आप्पा सांगणार. आप्पांनी साहेबाच्या डोळ्यांत बघितलं आणि कंपनीतल्या इंग्रजीत म्हणाले, "नो सर. नॉट इन अवर कंट्री. मिस्टर परब ईटिंग हिअर. ऑलवेज." आणि आपल्या बाजूच्या सतरंजीवर त्यांनी दोनदा हात थापटला.

आईला तो हात कळला. ती पळी घेऊन बाहेर आली, पण वाढायला वाकली नाही. परबकाकांच्या समोर उभी राहिली आणि एकच शब्द विचारला, "वाढू?" आवाज चढवला नाही, की गोडही केला नाही. काकांना सांगता आलं असतं, माझं झालंय वहिनी, मघाशी बोललो ना. साहेबाला त्यातलं काही कळलं नसतं. ते खुर्चीवरून उठले. चपला गॅलरीत काढल्या, घडीची खुर्ची मिटून भिंतीला टेकवली आणि आप्पांशेजारी मांडी घालून बसले. "वाढा, वहिनी."

चांगली ताटं पाहुण्यांना गेलेली. उरलं होतं ते आप्पांचं रोजचं, कडेला आप्पांचं नाव कोरलेलं. आईनं त्यात वाढलं. काकांनी पहिला घास फार लहान घेतला. आम्ही सगळे त्या घासाकडे बघत होतो, गॅलरीतले तर मान लांब करून. काकू गॅलरीतल्या माणसांमागे आलेल्या मला दिसल्या, आणि पदर तोंडाशी नेऊन त्या परत घरात गेल्या. दुसरा घास जरा मोठा झाला. आणि मग मालवणी माणूस आणि कोंबडीचा रस्सा, पुढचं सांगायला नको. काकांनी हाडं फोडून खाल्ली. जेवता जेवता दोघांनी मिळून साहेबापुढे देशाची जी बाजू मांडली ती ऐकण्यासारखी होती. आप्पांनी सण सांगितले, काकांनी शेजारधर्म सांगितला, एकाला शब्द अडला की दुसरा पुरवत होता. साहेबानं शेवटी मान हलवली आणि म्हणाला, म्हणजे त्या पुस्तकात चुकीचं लिहिलंय तर. आईनं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

साहेबाला कंपनीची जीप घेऊन गेली. गर्दी पांगली, मावशी आंबिवलीला गेली, उन्हं उतरली. आई मोरीत ताटं घासत होती, आणि तेव्हा फळ्यांच्या पलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला. तांब्यावर तांब्या. डोक्यावरून ओतल्यासारखा, न थांबता. आईचे हात थांबले. "ऐका," ती म्हणाली.

"उकाडा किती आहे," आप्पा म्हणाले.

"रोज ह्या वेळेला आंघोळ करतात काय ते?"

"चैत्र आहे. माणूस करतो दोनदा."

ज्या आवाजात त्यांनी साहेबाला सांगितलं होतं त्याच आवाजात ते आईला सांगत होते. आई राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "त्याला खोटं का बोललात?" आप्पा म्हणाले, "घरातली भांडणं बाहेरच्यापुढं काढायची असतात काय?" आई म्हणाली, "घर कधी झालं? मला सांगितलं नाय कुणी." मग आईनं माझ्याकडे बघितलं. "काय गं, मघाशी ते 'अवर' का काय बोलले. अवर म्हणजे काय? आमचा की आपला?"

मी वर्गात इंग्रजीत पहिली येणारी, पण अडखळले. म्हटलं, "दोन्ही. त्यांच्यात एकच शब्द आहे."

"सोयीचं आहे," आई म्हणाली. आणि आप्पांना विचारलं, "तुम्ही कुठला बोललात?"

"त्याच्यापुढं आमचा," आप्पा म्हणाले. "तो बाहेरचा ना."

"नि परबांपुढं?"

पलीकडचं पाणी थांबलं होतं. आप्पांनी भिंतीकडे बघितलं. मला त्या दिवशी आप्पांचा फार राग आला होता. रात्री मी जेवले नाही. आज त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या वयाची झाल्यावर मला दिसतं की त्या दुपारी ते एकाच वेळी किती जणांची अब्रू सांभाळत होते, आणि त्यात त्यांची स्वतःची शेवटी होती. तरीही आईचा प्रश्न बरोबरच होता.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. खुर्च्या परत गेल्या. काका गॅलरीत भेटले की "आपण आज पाळीला नाही का?" विचारायचे, फक्त नजर आप्पांच्या खांद्यावरून पलीकडे. काकू दुपारी सूप घेऊन बसायच्या आणि पाणी प्यायला घरी जायच्या. पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात वंदना करून आलो, आईनं खीर काढली, मी वाट्या मांडल्या. परबांची वाटी आईनं उचलून परत फडताळात ठेवली. "यंदा भुरीला उपास," म्हणाली. आप्पांनी ऐकलं आणि खिडकीतून नाला बघत बसले. चाळीभर वाटून आले तेव्हा परबांच्या दारावरून पाय न वाजवता आले मी. त्यांना कळेलच, आणि कळलं तर कळू दे, असं दोन्ही मनात होतं.

दिवेलागणीला दारात परबकाका उभे. कचेरीतून येऊन कपडे बदललेले, बनियन आणि लेंगा. हातात त्यांच्या घरची वाटी, काकूंचं नाव कोरलेली. त्यांनी ती आईपुढे धरली आणि म्हणाले, "वहिनी, आपली खीर राहिली वाटतं यंदा."

आई बघत राहिली. मग वाटी घेतली, आत जाऊन काठोकाठ भरली, चमचा घातला आणि आणून दिली. मला वाटलं घेऊन जातील. ते गॅलरीत, त्यांचं दार आणि आमचं दार यांच्या मधे भिंतीला टेकून बसले, आणि तिथे बसून, दारातून काकूंना दिसतील असे, त्यांनी ती खीर खाल्ली. तळ बोटानं पुसून खाल्ला. भुरी समोर येऊन बसली होती, तिला काही मिळालं नाही. वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. रिकामी परत करायची नाही म्हणून आईनं ती धुतली, चिमूटभर साखर घातली आणि मी ती पलीकडे काकूंना नेऊन दिली. काकूंनी साखरेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोटाच्या टोकानं थोडी उचलून जिभेवर ठेवली आणि वाटी तशीच फळीवर ठेवली.

त्या रात्री सुरू झालेलं भांडण माझ्या आई-बापांनी मरेपर्यंत चालवलं. आईचं म्हणणं, 'आपली खीर' म्हणजे तुमची खीर. त्यांची कचेरीची सवय, दूधवाल्यालाही म्हणतात, त्यात काय एवढं. आप्पा म्हणायचे, नाय. आपली म्हणजे आपली. त्यांची नि आपली. आई म्हणायची, विचारून या मग. आप्पा कधी विचारायला गेले नाहीत. पुढे परब निवृत्त होऊन गावी गेले, तिकडेच वारले, आणि विचारायचं राहून गेलं. मला कुणी विचारलं तर मी आईच्या बाजूची आहे, भाषेचा पुरावा तिच्याकडे आहे. पण आप्पा मात्र त्यांच्या अर्थाला धरून राहिले.

ते मला कळलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी. आप्पा पाळीवरून आले, चहा घेऊन खिडकीत बसले, पेपर उघडून आतल्या पानावर गेले. बातमी नेहमीचीच होती, कुठल्या तरी गावची, नेहमीएवढीच बारीक. ती त्यांनी वाचली आणि परत पहिल्यापासून वाचली. मान भिंतीकडे वळली नाही. "बघ," ते आईला म्हणाले, आणि मधे थांबले. "बघ, आपल्या देशात काय चाललंय." आणि मग पेपराची घडी त्यांना जमेना. एक बाजू दुमडली की दुसरी सुटत होती. शेवटी तसाच चुरगळून मांडीवर घेऊन बसले. कप शेजारी भरलेला तसाच, वर साय धरलेली.

आईनं तो कप उचलला, पुन्हा गरम करायला स्टोव्हवर ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांचा होता तेच बरं होतं. चहा तरी गरम प्यायचात."